वाहनतळापासून स्थानकापर्यंत : सिअॅटलच्या नॉर्थगेट मॉलची सत्तर वर्षे

वाहतूक अभियांत्रिकीच्या पहिल्या तासाला मी दरवर्षी एक प्रश्न विचारते : मॉल बांधताना सर्वांत जास्त जमीन कशाला लागते? उत्तरे येतात दुकानांना, सिनेमागृहाला, फूड कोर्टला. मग आपण फळ्यावर एक साधा हिशेब करतो. उघड्या वाहनतळावर एक मोटार उभी करायला, ये-जा करण्याची वाट धरून, साधारण २५ चौरस मीटर जागा लागते. ४,००० मोटारींसाठी १ लाख चौरस मीटर, म्हणजे १० हेक्टर, म्हणजे जवळजवळ २५ एकर. अमेरिकेतल्या उपनगरी मॉलचा नकाशा पाहिला तर इमारत मधोमध बेटासारखी दिसते आणि भोवती डांबराचा समुद्र. म्हणून मॉलचा इतिहास हा दुकानांइतकाच वाहतुकीचा आणि जमिनीचा इतिहास आहे.

या पाठात आपण एकाच जागेचा इतिहास पाहणार आहोत : अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील सिअॅटल शहराच्या उत्तरेचा नॉर्थगेट मॉल. १९५० मध्ये तो मोटारीसाठी उभा राहिला आणि २०२१ मध्ये त्याच जागेच्या कडेला रेल्वे स्थानक सुरू झाले. मधल्या काळात काय घडले, कोणाच्या पैशाने घडले आणि कोणाला लाभ झाला, हे आपले तीन प्रश्न आहेत.

१. मोटारीचे युग : १९५० ते १९७४

'मॉल' हा शब्द मुळात दुकानांचा नाही. लंडनमध्ये सतराव्या शतकात 'पॉल-मॉल' नावाचा चेंडू-मोगरीचा खेळ खेळत. त्याच्या लांबट पट्टीला, आणि पुढे झाडांनी वेढलेल्या पायवाटेला, मॉल म्हणू लागले. विसाव्या शतकात दुकानांच्या दोन रांगांमधल्या पादचारी वाटेला ते नाव मिळाले आणि अखेर सगळ्या बाजारालाच ते चिकटले. म्हणजे शब्दाचा उगम पायी चालण्यात आहे, आणि वस्तू मात्र अशी झाली की तिथे पायी पोहोचणेच अवघड.

नॉर्थगेट २१ एप्रिल १९५० रोजी उघडला. वास्तुरचनाकार जॉन ग्रॅहम (धाकटे). सिअॅटलच्या प्रसिद्ध स्पेस नीडल मनोऱ्याच्या रचनेतही पुढे त्यांचा वाटा होता. रचना सोपी होती. मध्ये लांब, सरळ, उघडी पायवाट. दोन्ही बाजूंना दुकाने. गिऱ्हाईक खेचणारे मोठे डिपार्टमेंट स्टोअर म्हणजे 'द बॉन मार्शे'. आणि चारी बाजूंना वाहनतळ. मालाच्या ट्रकसाठी खालून बोगदा काढला होता, म्हणजे माल उतरवण्याची गडबड गिऱ्हाइकाच्या नजरेला पडत नसे. बाजारपेठेच्या रस्त्यावर हातगाडी, हमाल, गिऱ्हाईक आणि वाहन एकत्र असतात. इथे ते सगळे वेगवेगळ्या पातळ्यांवर विभागले गेले. हे अभियांत्रिकीचे काम होते आणि त्या काळात ते नवे होते.

अशी केंद्रे त्या दशकात इतक्या झपाट्याने का वाढली? 'अमेरिकन लोकांना मोटारी आवडतात' हे उत्तर अपुरे आहे. मागे निदान तीन सरकारी निर्णय होते.

पहिला गृहकर्जाचा. केंद्र सरकारच्या हमीमुळे उपनगरातील नवे घर घेणे मध्यमवर्गाला सोपे झाले. ही सोय सर्वांना सारखी नव्हती. अनेक उपनगरांत घराच्या कागदपत्रांतच गौरेतरांना घर विकू नये अशी अट असे. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा अटी न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत असे ठरवले, तरी भेदभाव चालूच राहिला. सिअॅटलच्या मतदारांनी १९६४ मध्ये घरविक्रीतील भेदभावाला बंदी घालणारा प्रस्ताव फेटाळला. तसा नियम नगर परिषदेने १९६८ मध्ये केला. उपनगरी मॉलचे गिऱ्हाईक कोण होते, याचे उत्तर या तपशिलात आहे.

दुसरा निर्णय करांचा. १९५४ च्या आयकर कायद्याने नव्या व्यापारी इमारतींचा घसारा सुरुवातीच्या वर्षांत जास्त दाखवण्याची मुभा दिली. गुंतवणूकदाराला पहिली काही वर्षे करात मोठी सूट मिळे, मग इमारत विकून तो पुढच्या प्रकल्पाकडे वळे. जुन्या पेठेतील दुकान दुरुस्त करण्यापेक्षा मोकळ्या शेतात नवे केंद्र बांधणे कागदावर किफायतशीर ठरू लागले.

तिसरा निर्णय महामार्गांचा. १९५६ च्या कायद्याने सुमारे ४१,००० मैलांच्या आंतरराज्य महामार्गांचे जाळे मंजूर झाले आणि खर्चाचा ९० टक्के भार केंद्राने उचलला. १९६० च्या दशकात सिअॅटलमधून इंटरस्टेट-५ गेला, तो नॉर्थगेटच्या पश्चिम कडेला लागूनच. मॉलला दारात महामार्ग मिळाला. पण पलीकडच्या वस्तीशी त्याचा पायी संबंध तुटला. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

याच काळात मिनेसोटातील इडायना येथे साउथडेल सेंटर १९५६ मध्ये उघडले. पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉलचा तो पहिला नमुना मानला जातो. त्याचे रचनाकार व्हिक्टर ग्रुएन १९३८ मध्ये व्हिएन्नाहून निर्वासित म्हणून आले होते. मॉलभोवती घरे, शाळा, दवाखाने, बाग असे छोटे नगरच वसावे ही त्यांची कल्पना होती. बाजार बांधला गेला, नगर राहून गेले. आसपासच्या जमिनीचा भाव वाढला आणि तिथेही वाहनतळ असलेली दुकानेच आली. उतारवयात ग्रुएन यांनी या मॉलचे जनकत्व जाहीरपणे नाकारले.

साउथडेलनंतर बंदिस्त मॉलची चाल पडली. १९७४ मध्ये नॉर्थगेटच्या उघड्या पायवाटेवरही छप्पर आले.

२. हुकलेली संधी : १९६८ आणि १९७०

सिअॅटल परिसरात लोकांना घरातून कामावर आणि बाजारात नेण्याचा दुसरा मार्गही त्याच काळात समोर होता. 'फॉरवर्ड थ्रस्ट' या नावाने नागरी सुधारणांचे अनेक प्रस्ताव १९६८ मध्ये मतदानाला आले. त्यांत जलद रेल्वेसाठी कर्जरोखे उभारण्याचा प्रस्ताव होता. पन्नास टक्क्यांहून किंचित जास्त मते मिळाली, पण कायद्याने ६० टक्के हवी होती. १९७० मध्ये पुन्हा मतदान झाले. तोवर बोईंगमध्ये मोठी नोकरकपात सुरू होती, लोक धास्तावले होते, आणि या वेळी निम्मी मतेही पडली नाहीत. या रेल्वेसाठी केंद्राकडून येऊ शकणारा मोठा निधी अटलांटा शहराच्या मेट्रोकडे गेला. ती मेट्रो १९७९ मध्ये धावू लागली.

सिअॅटलमध्ये प्रादेशिक रेल्वेला मतदारांची संमती मिळायला १९९६ उजाडले, आणि 'लिंक' रेल्वेचा पहिला मोठा टप्पा १८ जुलै २००९ रोजी सुरू झाला. १९६८ पासून मोजले तर ४१ वर्षे. विद्यार्थ्यांना मी सांगते की प्रकल्पाच्या वेळापत्रकात भूसंपादन आणि बांधकाम आपण मोजतो, पण लोकांनी 'हो' म्हणायला लागणारा काळ कुणीच मोजत नाही. मधल्या चार दशकांत माणसे थांबत नाहीत. ती मोटार घेतात, मोटारीने जाता येईल असे घर घेतात, आणि मग रेल्वेची गरज पटवणे आणखी अवघड होते.

३. वाद, पाणी आणि नियोजन : १९९० ते २००९

१९९० मध्ये वॉशिंग्टन राज्याने वाढ-व्यवस्थापन कायदा केला. शहरांनी आडवे पसरत जाण्यापेक्षा ठरावीक ठिकाणी दाट वाढावे, असा त्याचा रोख होता. १९९२ मध्ये मॉलजवळ बसस्थानक झाले, १९९३ मध्ये नॉर्थगेट परिसराचा स्वतंत्र आराखडा आला, आणि १९९४ च्या शहर आराखड्यात नॉर्थगेटला 'नागरी केंद्र' हा दर्जा मिळाला.

याच सुमारास नियोजनशास्त्रात एक शब्द रूढ होत होता. वास्तुरचनाकार पीटर कॅलथॉर्प यांनी १९९३ च्या आपल्या पुस्तकात 'ट्रान्झिट-ओरिएंटेड डेव्हलपमेंट' ही कल्पना मांडली. मराठीत आपण तिला स्थानककेंद्री विकास म्हणू. स्थानकापासून दहा मिनिटांच्या चालण्याच्या अंतरात घरे, दुकाने, कार्यालये मिसळून आणि दाट असावीत. रस्ते चालण्याजोगे असावेत. वाहनतळ कमी असावा. कल्पना नवी वाटली तरी आपल्याला ती परकी नाही. मुंबईत दादर किंवा कोलकात्यात सियालदह स्थानकाबाहेर जे आपोआप घडले, तेच अमेरिकेत नियम करून घडवावे लागत होते.

नॉर्थगेटमध्ये मात्र पहिला मोठा संघर्ष पाण्यावरून झाला. थॉर्नटन क्रीक या ओढ्याची एक शाखा मॉलच्या दक्षिणेकडील वाहनतळाखाली नळात कोंडली होती. मालकाला तिथे बांधकाम वाढवायचे होते. पर्यावरणवादी नागरिकांचे म्हणणे होते की आधी ओढा उघडा करा. प्रकरण अनेक वर्षे अपिलांत आणि न्यायालयात अडकले. अखेर तडजोड निघाली. पुराचे पाणी जुन्या नळातूनच जाईल, पण नेहमीचा प्रवाह वर आणून वळणावळणाच्या, झाडोऱ्याच्या उथळ चरातून सोडायचा. २००९ मध्ये पूर्ण झालेला हा चर २.७ एकरांवर आहे आणि सुमारे ६८० एकर क्षेत्रावरून वाहून येणारे पाणी त्यात येते. पाणी संथ होते, डांबरावरून आलेला गाळ आणि तेलकट घाण वनस्पतींत अडते. त्याच्या काठाने 'थॉर्नटन प्लेस' ही घरे, दुकाने आणि सिनेमागृह असलेली वसाहत त्याच वर्षी उघडली.

स्थापत्यच्या विद्यार्थ्यांनी इथे थांबून विचार करावा. मूळ मॉल बांधणाऱ्यांनी ओढा नळात घातला तेव्हा कोणताही नियम मोडला नव्हता. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे ते चांगले कामच होते. पन्नास वर्षांनी तेच काम दुरुस्त करायला सार्वजनिक पैसा आणि वर्षानुवर्षांचा वाद खर्ची पडला.

४. मॉल ओसरतो, स्थानक येते : २०१८ ते २०२१

एकविसाव्या शतकात अमेरिकेतील मॉल मंदावू लागले. एक कारण ऑनलाइन खरेदी. ती घरोघर पोहोचवणारी अॅमेझॉन कंपनी याच सिअॅटल परिसरात १९९४ मध्ये स्थापन झाली. दुसरे कारण, मुळातच गरजेपेक्षा जास्त दुकाने बांधली गेली होती. तिसरे, डिपार्टमेंट स्टोअरची पद्धतच मोडकळीला आली, आणि मॉलचा सगळा डोलारा तीन-चार मोठ्या दुकानांवर उभा असतो. ती गेली की छोट्यांचे गिऱ्हाईक आपोआप तुटते. नॉर्थगेटमध्ये जेसीपेनी, मेसीज आणि नॉर्डस्ट्रॉम ही तिन्ही मोठी दुकाने २०१९ मध्ये बंद झाली.

पण अनेक मॉल ओस पडले तसा नॉर्थगेट पडला नाही. रेल्वे येणार हे २००८ च्या मतदानाने ठरले होते. २०१८ मध्ये मालक असलेल्या सायमन प्रॉपर्टी ग्रुपने सुमारे ५५ एकरांच्या पुनर्विकासाची योजना मांडली : घरे, कार्यालये, हॉटेल, कमी केलेली दुकाने आणि बर्फावरील हॉकीच्या नव्या व्यावसायिक संघाचे सरावकेंद्र. मॉलचा बराचसा अंतर्भाग पाडण्यात आला. तीन रिंगणांचे हे सरावकेंद्र सप्टेंबर २०२१ मध्ये उघडले.

२ ऑक्टोबर २०२१ रोजी लिंक रेल्वेचा ४.३ मैलांचा नवा टप्पा सुरू झाला. यू डिस्ट्रिक्ट, रूझवेल्ट आणि नॉर्थगेट ही तीन स्थानके उघडली. नॉर्थगेटहून शहराच्या मध्यभागी जायला सुमारे १४ मिनिटे लागू लागली, तीही वाहतूक कोंडी असो वा नसो. मॉलचे नावही बदलून 'नॉर्थगेट स्टेशन' झाले. पूर्वी लोक बाजाराच्या नावाने परिसर ओळखत. आता बाजाराने स्थानकाचे नाव घेतले.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट उघडली, आणि माझ्या मते ती रेल्वेइतकीच महत्त्वाची आहे : इंटरस्टेट-५ वरून जाणारा सुमारे १,९०० फूट लांबीचा पादचारी आणि सायकल पूल. पलीकडे नॉर्थ सिअॅटल कॉलेज आहे. महामार्ग झाल्यापासून समोर दिसणाऱ्या जागी पायी जायला लांबचा वळसा पडे. आता महाविद्यालयाचे विद्यार्थी चालत स्थानकावर येतात. पुलाला नागरी हक्क चळवळीतील नेते जॉन लुईस यांचे नाव दिले आहे.

पूल का महत्त्वाचा? स्थानकाचा प्रभाव ८०० मीटर त्रिज्येपर्यंत धरला तर वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे २०० हेक्टर होते. स्थानक महामार्गाला खेटून असल्यामुळे ओलांडायची सोय नसेल तर यातले जवळजवळ अर्धे कागदावरच राहते. रूळ, डबे, सिग्नल सगळे तेवढेच. एका पुलाने स्थानकाचे चालण्याजोगे क्षेत्र दुपटीच्या जवळ जाते.

५. लाभ कोणाचा?

नॉर्थगेटला निव्वळ यशकथा म्हणून वाचू नये.

एक, मॉलची जमीन एका मालकाच्या हाती होती. म्हणूनच ५५ एकरांचा एकत्र विचार करता आला. पण म्हणूनच रेल्वेने वाढलेल्या जमिनीच्या किमतीचा मोठा वाटाही एकाच हाती गेला. रेल्वे लोकांच्या करातून झाली आहे. राज्याच्या २०१५ च्या कायद्याने रेल्वे प्राधिकरणाच्या उरलेल्या, घरांना योग्य जमिनीपैकी ८० टक्के जमीन आधी परवडणाऱ्या घरांसाठी देऊ करण्याचे बंधन घातले. मात्र ते बंधन प्राधिकरणाच्या जमिनीला आहे, शेजारच्या खासगी मालकाला नाही.

दोन, आराखड्यात सगळे असते, पण आधी काय बांधले जाते ते बघावे. इथे मॉलच्या जागेवर पहिली मोठी नवी इमारत हॉकीच्या सरावाची झाली.

तीन, मॉलबरोबर काही गोष्टी गेल्या ज्यांची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. पावसाळी शहरात वृद्धांना छपराखाली फिरायची जागा, मुलांना काही न घेता बसायची जागा. मॉल खासगी होता, तरी उपनगरात चौक म्हणून तोच होता.

६. आपल्याकडे पाहताना

भारताची कथा वेगळ्या क्रमाने घडली. आपल्याकडे रेल्वे आधी होती, मॉल नंतर आले. मुंबईच्या गिरणगावात स्थानकाशेजारी एकेका मालकाच्या मोठ्या जमिनी होत्या. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने त्या जमिनीचे साधारण तीन वाटे करायचे ठरवले : मोकळी जागा, सार्वजनिक घरे आणि मालक. २००१ च्या बदलाने ही वाटणी फक्त इमारत नसलेल्या मोकळ्या भागापुरती उरली, आणि सार्वजनिक वाटा खूप आक्रसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात मॉल उभा राहिला, भोवती कार्यालयांचे मनोरे आले. व्याख्येने पाहिले तर हा स्थानकाजवळचा दाट, मिश्र विकासच होता.

पण हजारो नोकरदार ज्या जिन्यांवरून आणि पुलांवरून उतरणार होते ते गिरण्यांच्या काळातलेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २० हून अधिक माणसे मेली. ती कामावर निघालेली माणसे होती. नवा पूल सैन्याच्या अभियंत्यांनी काही महिन्यांत उभारला, म्हणजे काम अवघड नव्हते. ते कोणाच्या यादीत वर नव्हते, एवढेच.

त्याच २०१७ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय स्थानककेंद्री विकास धोरण जाहीर केले. त्यात स्थानकाभोवती ५०० ते ८०० मीटरचे प्रभावक्षेत्र, मिश्र वापर आणि चालण्याजोगे रस्ते यांची शिफारस आहे. आज देशातील अनेक शहरांत मेट्रो आणि मॉल एकाच वेळी बांधले जात आहेत. धोका असा की या धोरणातील 'जादा चटई क्षेत्र' तेवढे लगेच उचलले जाते आणि पदपथ, पूल, परवडणारी घरे मागे राहतात. चटई क्षेत्राला मागणारा असतो. पदपथाला मागणारा रोज त्यावरून चालत असतो, पण बैठकीला नसतो.

नॉर्थगेटच्या इतिहासातून माझ्या दृष्टीने घेण्याजोगी गोष्ट ही आहे. मोटारीसाठी बांधलेली जागा बदलता येते, पण त्याला सत्तर वर्षे, अनेक मतदाने आणि एक दीर्घ न्यायालयीन लढाई लागली. ज्यांनी १९५० मध्ये ती बांधली ते मूर्ख नव्हते आणि वाईटही नव्हते. त्यांनी त्यांच्या पिढीचा प्रश्न सोडवला. तुमच्यापैकी काही जण पुढच्या पाच-दहा वर्षांत एखाद्या स्थानकाच्या किंवा मॉलच्या नकाशावर सही कराल. त्या नकाशात वाहनतळाचे क्षेत्रफळ नक्की लिहिलेले असेल. पदपथाची रुंदी आणि पुलाची क्षमता लिहिलेली आहे का, तेवढे सही करण्यापूर्वी पाहा.

विचारासाठी प्रश्न

१. तुमच्या गावातील किंवा शहरातील एखादा मॉल अथवा मोठा बाजार निवडा. त्याच्या जागेपैकी अंदाजे किती भाग वाहनतळाला आहे? त्या जागी आधी काय होते?

२. जवळच्या रेल्वे, मेट्रो किंवा बसस्थानकापासून ८०० मीटरचे वर्तुळ नकाशावर काढा. त्यातील कोणत्या ठिकाणांहून प्रत्यक्षात दहा मिनिटांत चालत येता येते? अडथळे कोणते?

३. सार्वजनिक रेल्वेमुळे खासगी जमिनीची किंमत वाढली तर त्या वाढीचा किती भाग समाजाला परत मिळावा? नॉर्थगेट आणि गिरणगाव या दोन्ही उदाहरणांच्या आधारे आपले मत मांडा.